मेणबत्ती मधोमधच जळते आणि सुगंधही पसरत नाही: पुन्हा पुन्हा येणाऱ्या तक्रारीचे निवारण

घरी तयार केलेल्या सुगंधी मेणबत्त्या विकणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाकडे एक तक्रार फिरून फिरून येते. मेणबत्ती मधोमध खोल जळत जाते, कडेचे मेण जसेच्या तसे राहते आणि झाकण उघडताना येणारा घमघमाट पेटवल्यावर मात्र जाणवेनासा होतो. या तक्रारीवर बहुतेक जण एकच उपाय करतात, तो म्हणजे पुढच्या घाण्यात सुगंधी तेल वाढवणे. हा उपाय केवळ निरुपयोगी नाही, तर बहुतेक वेळा तक्रार वाढवणारा आहे. मूळ दोष सहसा वातीत असतो, आणि वात बरणीला, मेणाला व सुगंधाला जुळत नाही तोवर तेल कितीही घातले तरी ग्राहकाचा तोच संदेश पुन्हा येतो.

असे का होते हे समजण्यासाठी मेणबत्ती जळते कशी हे पाहावे लागते. ज्योतीच्या उष्णतेने वातीभोवतीचे मेण वितळते, ते वातीच्या धाग्यांमधून वर चढते, ज्योतीपाशी त्याची वाफ होते आणि ती वाफ पेट घेते. याची खात्री घरीच करता येते. चांगली पेटलेली मेणबत्ती फुंकून विझवावी आणि वातीतून वर जाणाऱ्या पांढऱ्या धुराला, वातीपासून थोडे वर, लगेच पेटती काडी लावावी. ज्योत धुरातून खाली उतरते आणि वात पुन्हा पेटते, कारण तो धूर म्हणजे मेणाची वाफच असते. सुगंधाचा मार्ग मात्र वेगळा आहे. ज्योतीत शिरलेले सुगंधी द्रव्य बहुतांशी जळून जाते. खोलीत दरवळतो तो सुगंध मुख्यतः वातीभोवती साचलेल्या वितळलेल्या मेणाच्या उघड्या पृष्ठभागावरून उडालेला असतो. या वितळलेल्या मेणाच्या तळ्याला आपण व्यवसायात मेल्ट पूल म्हणतो. तळ्याचा व्यास बरणीच्या व्यासाच्या निम्मा राहिला, तर पृष्ठभाग केवळ एक चतुर्थांश उरतो. मधोमध खड्डा पडणे आणि सुगंध न येणे या दोन तक्रारी वेगळ्या वाटल्या तरी त्यांचे मूळ असे एकच असते.

आता तेल वाढवल्यावर काय होते ते पाहा. सुगंधी तेल मेणासारखे स्वच्छ जळत नाही आणि वातीतून मेणाइतक्या सहज वर चढतही नाही. सहा टक्क्यांच्या जागी दहा टक्के तेल घातले की वातीच्या धाग्यांत ते अडकू लागते, टोकावर काळा गोळा जमतो, ज्योत बारीक होते, तळे आणखी आकसते आणि सुगंध पूर्वीपेक्षाही कमी येतो. विक्रेत्याला वाटते की तेलच हलक्या प्रतीचे आले, म्हणून तो पुरवठादार बदलतो. नव्या तेलाचा दाटपणा वेगळा असल्याने वातीचे गणित पुन्हा बिघडते, आणि या चक्रात हंगामच्या हंगाम निघून जातात.

सर्वप्रथम एक मूलभूत गोष्ट पाहावी. समईत वात काजळली की आपण ती झटकतो, पुढे सरकवतो, तेल ओततो. मेणबत्तीच्या वातीला मात्र स्वतःची निगा स्वतःच राखावी लागते. १८२५ च्या सुमारास फ्रान्समध्ये कांबासेरेस याने वेणीसारखी विणलेली वात वापरात आणली. अशी वात जळताना एका बाजूला वाकते, तिचे टोक ज्योतीच्या कडेच्या अतिशय तप्त भागात येते आणि तिथे जळून संपते, त्यामुळे जळत असताना ती वरचेवर कापत बसावे लागत नाही. देवापुढच्या फुलवातीला, वळलेल्या सुताला किंवा शिवणाच्या जाड दोऱ्याला हा गुण नसतो. खर्च वाचवण्यासाठी कोणी असा दोरा मेणात बुडवून वापरत असेल, तर पुढचे काहीही वाचण्याआधी तो बदलावा.

विणलेली वात वापरूनही तक्रार येत असेल, तर बहुधा तिची जाडी चुकलेली असते, आणि इथे आपल्या बाजारातील एक अडचण आडवी येते. आपल्याकडे वाती पुष्कळदा केवळ लांबीवर विकल्या जातात. पाकिटावर ‘कॉटन विक, १५ सेंमी’ एवढेच लिहिलेले असते, जाडीचा किंवा विणीचा उल्लेख नसतो. मागच्या पाकिटातील वात जुळली होती म्हणून त्याच दुकानातून पुन्हा तेच पाकीट मागवले, तरी आत आलेली वात तीच असेल याची हमी नसते. म्हणून नवे पाकीट आले की त्यातील दहा वाती दागिने तोलण्याच्या लहान काट्यावर तोलाव्यात, वजन वहीत लिहावे आणि जुन्या पाकिटातील तेवढ्याच लांबीच्या दहा वातींशी ताडून पाहावे. वाती मेण लावलेल्या असल्या तर मेणाचेही वजन त्यात धरले जाते, म्हणून एक-दोन वाती गरम पाण्यात बुडवून, मेण निपटून, नुसता धागाही शेजारी शेजारी ठेवून पाहावा. ज्या पुरवठादाराकडे सीडी, इको, एचटीपी अशा मालिकांच्या क्रमांकित वाती मिळतात, त्याच्याकडून घेणे थोडे महाग पडले तरी हिताचे असते. मात्र एका मालिकेतील १० क्रमांकाची वात आणि दुसऱ्या मालिकेतील १० क्रमांकाची वात एकाच जाडीची असते असे नव्हे. क्रमांकांची तुलना एकाच मालिकेच्या आत करावी.

योग्य वात शोधण्याचा एकच भरवशाचा मार्ग आहे, तो म्हणजे जाळून पाहणे. बरणीचा आतला व्यास मेण जिथपर्यंत भरणार तिथे मोजावा, एकाच मालिकेतील लागोपाठच्या तीन जाडींच्या वाती घ्याव्यात आणि एकाच घाण्यातील मेण तीन सारख्या बरण्यांत ओतावे. सोया मेण असेल तर एक ते दोन आठवडे मुरू द्यावे. पॅराफिनला काही दिवस पुरतात. मग प्रत्येक वात सहा मिलिमीटरवर कापून तिन्ही एकाच वेळी पेटवाव्यात, चार तासांनी विझवाव्यात, पूर्ण थंड होऊ द्याव्यात, वाती पुन्हा कापाव्यात आणि मेण तळाशी संपेपर्यंत हाच क्रम चालू ठेवावा. दर तासाला तळ्याचा व्यास, त्याची खोली, ज्योतीची उंची, टोकावरचा गोळा आणि काचेवरची काजळी यांची नोंद करावी.

या नोंदी वाचण्यात एक बारकावा आहे आणि बहुतेक जण नेमके तिथेच फसतात. पहिल्याच वेळी तासाभरात तळे कडेपर्यंत पोहोचले की वात अगदी योग्य आहे असे वाटते, प्रत्यक्षात ती बहुधा जाड असते. मेण जसजसे खाली जाते तसतशी काचेच्या भिंती उष्णता धरून ठेवतात, वाऱ्याचा स्पर्श कमी होतो आणि तीच वात निम्म्या उंचीवर भडकून जळू लागते. काच काळी होते, बरणी हातात धरवत नाही आणि साधी काच असेल तर तडकण्याचीही भीती असते. याउलट पहिल्या चार तासांत कडेला तीन-चार मिलिमीटरचे पातळ मेण राहिले तर घाबरू नये. पुढच्या पेटवणीत भिंती तापल्या की ते आपोआप उतरते. तळ्याची खोली सहा ते बारा मिलिमीटर, ज्योत दोन-अडीच सेंटिमीटर उंच आणि शांत, टोकावर नाममात्र काळेपणा, अशी वात निवडावी. दोन वातींमध्ये निवड अडली, तर मी बारीक वातीच्या बाजूने कौल देते, कारण बारीक वातीने ग्राहकाची निराशा होते, पण जाड वातीने त्याच्या घरात आग लागू शकते.

बरणीचा व्यास नऊ-दहा सेंटिमीटरच्या पुढे गेला की एका वातीने काम भागवण्याचा हट्ट सोडावा. पितळी उरळीत किंवा पसरट वाडग्यात दोन किंवा तीन बारीक वाती समान अंतरावर ठेवल्या की तळे सगळीकडे पोहोचते आणि ज्योतही आवाक्यात राहते.

भांड्याच्या आकाराबद्दल आणखी थोडे लिहायला हवे, कारण आपल्याकडे दिवाळीच्या प्रदर्शनांत काचेच्या सरळ बरण्यांपेक्षा इतर भांडीच अधिक खपतात. कटिंग चहाच्या ग्लासातील मेणबत्ती दिसायला गोड असते, पण तो ग्लास तोंडाशी रुंद आणि बुडाशी अरुंद असतो. तोंडाच्या व्यासाला जुळलेली वात तळाशी फार तापते, आणि बुडाला जुळलेली वात वर खड्डा पाडते. अशा ग्लासात मेण तोंडापर्यंत न भरता काही अंतर खाली ठेवावे, वात मधल्या उंचीच्या व्यासावरून निवडावी आणि चाचणीत शेवटच्या तिसऱ्या भागाकडे डोळ्यांत तेल घालून पाहावे. कुल्हड आणि पणतीची अडचण वेगळी आहे. न झिलई केलेली माती वितळलेले मेण शोषून घेते, मेण भिंतीतून पाझरते आणि ज्योत जवळ आल्यास भिंतीतील मेणच वातीसारखे पेटू शकते. म्हणून माती आतून उष्णता सोसणाऱ्या, न जळणाऱ्या लेपाने बंद केलेली नसेल तर तिच्यात मेणबत्ती विकू नये. नारळाची करवंटी तर स्वतःच जळण आहे. ती शोभेची म्हणून कितीही मागणी असली तरी मी ती विकत नाही, आणि इतरांनीही विकू नये असे मला मनापासून वाटते. मेणावर गुलाबाच्या सुक्या पाकळ्या, दालचिनीचे तुकडे किंवा मोगऱ्याची सुकवलेली फुले ठेवण्याबद्दलही हेच म्हणता येईल. तळे पसरले की ती तरंगत ज्योतीपाशी जातात आणि दुसरी वात होऊन पेटतात.

वात आणि भांडे जुळल्यावर सुगंधाकडे यावे. तेल मिलिलिटरमध्ये नव्हे, ग्रॅममध्ये मोजावे. १७० ग्रॅम मेणाला सहा टक्के म्हणजे साधारण १० ग्रॅम तेल होते, आणि बहुतेक सुगंधांना एवढे पुरते. सोया मेण दुहेरी भांड्यात, म्हणजे पाण्याच्या भांड्यात दुसरे भांडे ठेवून, वितळवावे. मेणाचे भांडे थेट गॅसवर कधीही ठेवू नये, आणि मेणाने पेट घेतलाच तर पाणी न टाकता गॅस बंद करून झाकण घालावे. तेल साधारण ८० ते ८५ अंश सेल्सिअसला घालून दोन मिनिटे हळूहळू ढवळावे. मेणाच्या पुरवठादाराने वेगळे तापमान दिले असेल तर ते प्रमाण मानावे. ढवळणे कमी पडले की तेल खाली बसते, मग मेणबत्तीचा वरचा अर्धा भाग बिनवासाचा निघतो आणि तळाशी मात्र ती धुरकट जळते.

प्रत्येक सुगंधाची वात वेगळी असू शकते हे वाक्य पुष्कळांना अतिशयोक्तीचे वाटते, पण खस आणि लिंबू शेजारी शेजारी जाळून पाहिले की शंका उरत नाही. खसाचे तेल दाट आणि सावकाश उडणारे असते, लिंबाचे पातळ आणि चटकन उडून जाणारे. त्याच बरणीत, त्याच मेणात, लिंबाला जुळलेली वात खसाला अनेकदा एक क्रमांक अपुरी पडते. त्यामुळे सुगंधांची यादी लांब ठेवण्यापेक्षा चार-पाच सुगंध नीट तपासून ठेवणे घरगुती व्यवसायाला परवडते. अगरबत्तीसाठी विकले जाणारे परफ्यूम मेणबत्तीत घालू नये. ते पुष्कळदा डीईपी (डायइथाइल थॅलेट) या रसायनात किंवा व्हाइट ऑइल म्हणजे खनिज तेलात पातळ केलेले असते, आणि अगरबत्तीत चालणारे हे द्रावक वातीत अडथळा आणि काचेवर काजळी आणतात. स्प्रेच्या बाटलीतील अत्तरात अल्कोहोल असते, ते तर गरम मेणाजवळही आणू नये. रंगाचेही भान ठेवावे. मेणखडूचे तुकडे आणि अभ्रकाची चमकी वातीचे धागे बुजवतात, खाण्याचा पातळ रंग मेणात विरघळतच नाही. मेणबत्तीसाठीचा तेलात विरघळणारा रंगच वापरावा, तोही बेताने.

मुरण्याचा काळ दिवाळीत हमखास वगळला जातो. वसुबारसेला ओतलेली सोया मेणबत्ती लक्ष्मीपूजनाला विकली तर तिचा सुगंध अर्धाकच्चा असणारच, आणि ती तक्रार वातीची नसून घाईची असते. दिवाळीचा माल दसऱ्याच्या सुमारास ओतून झालेला असावा.

इतके सगळे पाळूनही काही तक्रारी येतील, आणि त्यांचे कारण ग्राहकाच्या घरात सापडेल. आपल्या घरांत डोक्यावर पंखा असतो, आणि मेणबत्ती बहुधा त्याच्याच खाली टेबलावर ठेवली जाते. पंख्याच्या वाऱ्यात ज्योत एका बाजूला झुकते, त्या बाजूची काच काळी होते, समोरच्या बाजूचे मेण वितळत नाही आणि सुगंध साचण्याआधीच उडून जातो. दुसरे कारण म्हणजे संध्याकाळी दिवा लावताना मेणबत्ती पेटवून अर्ध्या तासात विझवण्याची सवय. मेणबत्ती पहिल्या वेळी जितकी रुंद वितळते, साधारण तितक्याच रुंदीत ती पुढे जळत जाते. सहा-सात सेंटिमीटरच्या बरणीला पहिल्यांदा अडीच ते तीन तास सलग जळू देणे आवश्यक असते. त्यामुळे प्रत्येक मेणबत्तीसोबत स्पष्ट मराठीत एक छोटे कार्ड द्यावे: ‘पहिल्यांदा पेटवाल तेव्हा वरचे मेण जवळजवळ कडेपर्यंत वितळेपर्यंत विझवू नका. एका वेळी चार तासांपेक्षा अधिक जाळू नका. दर वेळी वात सहा मिलिमीटरवर कापा. पंख्याखाली ठेवू नका. तळाशी एक सेंटिमीटर मेण उरले की वापर थांबवा.’

कार्ड दिले म्हणजे आपली जबाबदारी संपली, असे मात्र मानू नये. लोक पंखा बंद करणार नाहीत आणि प्रत्येक जण तीन तास थांबणारही नाही, हे गृहीत धरूनच माल तयार करायला हवा. मी प्रत्येक नव्या जोडणीची एक बरणी अर्ध्या-अर्ध्या तासाच्या टप्प्यांत जाळते आणि एक पंखा मंद ठेवून जाळते. ज्या बरणीला ही चाचणी अजिबात सोसत नाही, तिचा व्यास कमी करणे हा खरा उपाय आहे. पाच-साडेपाच सेंटिमीटरची लहान बरणी थोड्या वेळच्या वापरातही पुष्कळ नीट जळते.

उन्हाळ्यात येणारी एकांगी जळण्याची तक्रार निराळी ओळखावी. बरणीत ओतण्याचे सोया मेण साधारण ४५ ते ५० अंशांच्या दरम्यान वितळते, आणि मे महिन्यात नागपूर, अकोला, चंद्रपूर या भागांत पारा ४५ च्या आसपास जातो; बंद गाडीत पार्सल त्याहून अधिक तापते. मेण वाटेत मऊ पडते, वातीचा तळ सुटतो, वात कलंडते आणि मेण पुन्हा घट्ट झाल्यावर ती मध्यावर राहत नाही. वातीच्या तळाची पत्र्याची चकती उष्णता सोसणाऱ्या गोंदाने किंवा स्टिकरने घट्ट चिकटवावी, आणि त्या महिन्यांत विदर्भाकडची पार्सले शक्यतो थांबवावीत.

तक्रार आली की दोन छायाचित्रे आणि घाण्याचा क्रमांक मागवावा: एक छायाचित्र विझलेल्या मेणबत्तीचे वरून, दुसरे तासभर जळल्यानंतरचे बाजूने. काच एकाच बाजूला काळी असेल तर वारा, वात मध्यावर नसेल तर वाहतूक किंवा ओतताना झालेली हयगय, वात मेणात बुडून ज्योत मिणमिणती असेल तर बारीक किंवा बुजलेली वात, टोकावर मोठा गोळा असेल तर जाड वात किंवा अतिरिक्त तेल, असे निदान बहुतेक वेळा छायाचित्रावरूनच होते. एकाच घाण्यातील दोन-तीन ग्राहकांनी तेच सांगितले, तर त्या घाण्यातील उरलेली विक्री त्याच दिवशी थांबवावी. घाण्याचा क्रमांक लेबलवर आणि वहीत नसेल तर हे करता येत नाही, म्हणून तो पहिल्या दिवसापासून लिहावा.

ग्राहकाकडची खड्डा पडलेली मेणबत्ती बहुतेक वेळा वाचवता येते. ॲल्युमिनियमच्या फॉइलची टोपी करून ती बरणीच्या तोंडावर घालावी, मध्ये रुपयाच्या नाण्यापेक्षा बरेच मोठे छिद्र ठेवावे आणि मेणबत्ती पेटवावी. उष्णता आत कोंडली जाते आणि कडेचे मेण तासा-दीड तासात उतरून तळे सपाट होते. या वेळात मेणबत्तीजवळून उठू नये, आणि फॉइल काढताना ते तापलेले असते हे ग्राहकाला आवर्जून सांगावे. वात मेणात बुडाली असेल तर केस वाळवण्याच्या यंत्राने वरचा थर वितळवून चमचा-दोन चमचे मेण काढून टाकावे.

आपल्याकडे शिल्लक राहिलेला सदोष माल मात्र फॉइलने सुधारत बसू नये. बरणी गरम पाण्यात ठेवून मेण सोडवावे, जुन्या वाती फेकाव्यात आणि एकाच सुगंधाचे मेण एकत्र गाळून घ्यावे. हे मेण नव्या मेणबत्तीत मिसळू नये, कारण त्यात सुगंध किती उरला आहे हे आता मोजता येत नाही आणि चाचणीच्या नोंदी निरर्थक ठरतात. त्याच्या लहान वड्या पाडून डिफ्यूझरच्या वाटीत ठेवण्यासाठी वॅक्स मेल्ट म्हणून विकाव्यात. तिथे वात लागतच नसल्याने हा दोष उरत नाही. भांडी धुताना वितळलेले मेण सिंकमध्ये ओतू नये, ते नळीत गोठते. आधी कागदाने पुसून घ्यावे आणि मगच साबण लावावा.